आगाखान आणि स्वतंत्र मतदारसंघ

बिबवेवाडीतून आम्ही येरवड्याला जातो ते पुणे कराराची जागा पाहायला. तिथून जवळचा आगाखान पॅलेस आम्हाला गांधीजींच्या स्थानबद्धतेपुरताच ठाऊक. तो ज्यांचा, ते आमच्या बोलण्यात कधी येत नाहीत.

सुलतान मुहम्मद शाह, तिसरे आगाखान. जन्म 1877, कराची. सातव्या वर्षी इस्माइली खोजांचे इमाम. 1902 मध्ये कर्झनने त्यांना केंद्रीय कायदेमंडळावर नेमले. 1 ऑक्टोबर 1906 रोजी ते सिमल्यात लॉर्ड मिंटोपुढे मुस्लिम शिष्टमंडळ घेऊन गेले. स्वतंत्र मतदारसंघ मागितले, आणि 1909 च्या कायद्याने ते मिळालेही. शिष्टमंडळात नवाब-जमीनदारांचा भरणा होता, विणकर-बागवानांना कोणी विचारले नव्हते, हे लपवण्यात अर्थ नाही.

गोलमेज परिषदेत मात्र हा महालातला माणूस आणि बाबासाहेब एका बाजूला आले. नोव्हेंबर 1931 च्या अल्पसंख्याकांच्या करारावर दोघांच्याही सह्या आहेत. ऑगस्ट 1932 च्या जातीय निवाड्यात दोन्ही समाजांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. 24 सप्टेंबरला येरवड्यात आमचे गेले, मुस्लिमांचे राहिले. पुढे घटना समितीने तेही काढले आणि 1949 मध्ये त्यांच्या राखीव जागाही. आमच्या जागा उरल्या, पण संयुक्त मतदारसंघात. तिथे आमचा उमेदवार कोण, हे बहुतेक वेळा दुसरेच ठरवतात.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर सात महिन्यांनी, जुलै 1957 मध्ये आगाखान स्वित्झर्लंडमध्ये वारले. कबर इजिप्तमध्ये, अस्वानला. 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रातून 48 जण निवडून गेले. त्यांत मुस्लिम एकही नाही.