बेंजामिन फ्रँकलिन : छापखान्यांतील मुलाची शब्दसंपत्ति

इंग्रजी भाषेंतील शब्दसंग्रह कसा वाढवावा, हा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात, आणि त्यांचे पालकही तो तितक्याच कळकळीनें विचारतात. पुष्कळ मुलें कोश पुढें घेऊन रोज वीस वीस शब्द अर्थासह पाठ करतात. परीक्षेच्या आदल्या दिवशीं ते त्यांस घडाघडा म्हणतां येतात. परंतु निबंध लिहावयास बसलीं म्हणजे त्यांतला एकही शब्द लेखणीच्या टोंकाशीं येत नाहीं. ह्या प्रश्नाचें उत्तर कोरड्या नियमांच्या रूपानें देण्यापेक्षां एका थोर पुरुषाच्या चरित्रांतून द्यावें, असें आम्हांस वाटतें. अमेरिकेचा सुप्रसिद्ध मुत्सद्दी, शास्त्रज्ञ व ग्रंथकार बेंजामिन फ्रँकलिन ह्यानें लहानपणींच हा प्रश्न स्वतःस घातला होता, आणि त्याचें उत्तरही स्वतःच शोधून काढलें होतें. विशेष हें कीं, इंग्रजी ही त्याची मातृभाषा होती. तरीही शब्दांच्या बाबतींत आपण दरिद्री आहों, हें त्याच्या ध्यानांत आलें.

फ्रँकलिनचा जन्म अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं १७ जानेवारी १७०६ रोजीं झाला. त्या वेळीं तो मुलूख इंग्रजांची वसाहत होता. त्याचे वडील जोसाया हे इंग्लंडांतून तेथें येऊन राहिले होते व साबण आणि चरबीच्या मेणबत्त्या करून आपला चरितार्थ चालवीत. त्यांस एकंदर सतरा अपत्यें झालीं. त्यांत बेंजामिन हा पंधरावा, व मुलग्यांमध्यें सर्वांत धाकटा. ह्या मुलास धर्मोपदेशक करावें अशा हेतूनें वडिलांनीं त्यास आठव्या वर्षीं लॅटिन शिकविणाऱ्या शाळेंत घातलें. तेथें तो वर्गांत झपाट्यानें वर चढला. परंतु एवढ्या मोठ्या कुटुंबाचा भार वाहून उच्च शिक्षणाचा खर्च आपल्यास झेपणार नाहीं असें पाहून वडिलांनीं वर्ष पुरें होण्यापूर्वींच त्यास तेथून काढलें. पुढें दुसऱ्या एका शाळेंत त्याचें अक्षर वळणदार झालें, पण गणितांत तो नापास झाला. दहाव्या वर्षीं त्याची शाळा कायमची सुटली, आणि हा बुद्धिमान मुलगा बापाच्या दुकानांत मेणबत्त्यांच्या वाती कापूं लागला व सांचे भरूं लागला.

पुस्तकांची आवड मात्र त्याला अनावर होती. हातीं पडलेला पैसा न् पैसा तो पुस्तकांवर खर्च करी. जॉन बनियन ह्याचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हा जो ग्रंथ आपल्याकडे मराठींतही आलेला आहे, तो त्याचा पहिला आवडता ग्रंथ. तो वाचून बनियनचीं इतर पुस्तकें त्यानें जमविलीं, आणि तीं वाचून झाल्यावर विकून आलेल्या पैशांत इतिहासाचीं लहान लहान पुस्तकें घेतलीं. वडिलांच्या कपाटांत प्लूटार्कचीं चरित्रें होतीं, तींही त्यानें वाचून काढलीं. मुलाचा हा कल ओळखून वडिलांनीं त्यास बाराव्या वर्षीं त्याचा थोरला भाऊ जेम्स ह्याच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून ठेवलें. तेथें त्याची ओळख पुस्तकविक्यांच्या दुकानांतील उमेदवारांशीं झाली. संध्याकाळीं एखादें पुस्तक उसनें मागून आणावें, रात्रभर जागून तें वाचावें, आणि कोणाच्या लक्षांत येण्यापूर्वीं सकाळीं तें जेथल्या तेथें पोंचतें करावें, असा त्याचा क्रम कित्येकदां चाले.

ह्याच सुमारास एक लहानशी गोष्ट घडली. आमच्या मतें त्याच्या पुढील सर्व उत्कर्षाचें मूळ तींतच आहे. जॉन कॉलिन्स नांवाच्या एका मित्राशीं त्याचा वाद चालला होता. स्त्रियांस उच्च शिक्षण द्यावें कीं नाहीं, हा वादाचा विषय. फ्रँकलिन स्त्रीशिक्षणाच्या बाजूचा होता. दोघे मित्र एकमेकांस पत्रें लिहून हा वाद करीत. तीं पत्रें सहज वडिलांच्या दृष्टीस पडलीं. वादाचा पक्ष कोणाचा खरा ह्याविषयीं ते कांहींच बोलले नाहींत. पण लिहिण्याच्या पद्धतीविषयीं त्यांनीं मुलाशीं मोकळेपणीं बोलणें केलें. शुद्धलेखन व विरामचिन्हें ह्यांत तूं सरस आहेस, परंतु भाषेची शोभा, विचारांची मांडणी आणि अर्थाची स्पष्टता ह्यांत तुझा मित्र तुझ्यापुढें आहे, असें त्यांनीं पत्रांतील स्थळें दाखवून त्यास पटवून दिलें. पालकांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत घ्यावी. त्या मेणबत्तीवाल्या बापानें मुलास टाकून बोलून त्याचा हिरमोड केला नाहीं, कीं खोटी स्तुति करून त्यास फुगविलें नाहीं. दोष नेमका कोठें आहे तेवढें दाखविलें. मुलानेंही राग न मानतां आपली भाषा सुधारण्याचा निश्चय केला.

परंतु शिकवावयास गुरु नव्हता, आणि दिवसभर तर छापखान्याचें काम. अशा स्थितींत ‘स्पेक्टेटर’चा एक सुटा खंड, तिसरा, त्याच्या हातीं आला. ॲडिसन व स्टील ह्या दोन लेखकांनीं १७११ व १७१२ सालीं लंडनमध्यें चालविलेलें तें निबंधपत्र स्वच्छ व डौलदार इंग्रजीबद्दल नांवाजलेलें होतें. फ्रँकलिननें तो खंड विकत घेऊन पुन्हां पुन्हां वाचला, आणि असें आपणांस लिहितां यावें ह्या इच्छेनें एक युक्ति काढली. एखादा निबंध घेऊन त्यांतील प्रत्येक वाक्याचा आशय तो दोनचार शब्दांत टिपून ठेवी. तें टिपण कांहीं दिवस बाजूस टाकी. मग पुस्तकाकडे मुळींच न पाहतां, त्या टिपणावरून सबंध निबंध आपल्या शब्दांत पुन्हां लिही. लिहून झाल्यावर मूळ निबंध शेजारीं ठेवून ताडून पाही, आणि आपल्या चुका आपणच दुरुस्त करी.

असें ताडून पाहतां त्यास आपलें खरें व्यंग कळून आलें. मूळ लेखकानें जेथें नेमका शब्द घातला होता, तेथें ह्यास तो सुचत नसे. शब्द अपुरे होते. आणि जे ठाऊक होते तेही वेळेवर आठवत नसत. आमच्या विद्यार्थ्यांची अडचणही नेमकी हीच आहे. ‘रिलक्टंट’ हा शब्द पुस्तकांत भेटला तर दहावीचा मुलगा त्याचा अर्थ नाखूष असा चटकन् सांगेल. पण तो गेला खरा परंतु त्याला जावयाचें नव्हतें, असें स्वतः लिहावयाचें झालें कीं हा शब्द त्याला आठवत नाहीं. ओळखीचा शब्द निराळा आणि हाताशीं असलेला शब्द निराळा. रस्त्यांत भेटल्यास आपण ज्याला नमस्कार करतों तो प्रत्येक मनुष्य कांहीं अडचणीच्या वेळीं आपल्या हांकेस धांवून येणारा नसतो.

ह्या व्यंगावर फ्रँकलिननें काढलेला उपाय मोठा चतुराईचा होता. लहानपणीं तो कविता रचीत असे. एका दीपगृहाजवळील अपघातावर व एका चांच्याच्या पाडावावर त्यानें रचलेले पोवाडे त्याच्या भावानें छापले होते, आणि त्यानें ते गांवांत हिंडून विकलेही होते. कवि बहुधा भिकारीच राहतात असें सांगून वडिलांनीं त्याचा तो नाद सोडविला. आतां त्यास वाटलें कीं, पद्य लिहिणें चालूं ठेवलें असतें तर शब्दांचा सांठा आपोआप वाढला असता. कारण वृत्तांत बसविण्यासाठीं कवीस एकाच अर्थाचे कमीजास्त लांबीचे शब्द शोधावे लागतात, आणि यमकासाठीं निराळ्या ध्वनीचे. आम्ही एक साधें उदाहरण घेतों. ‘बिग’ ह्या शब्दांत एकच अवयव आहे, ‘इमेन्स’मध्यें दोन आहेत, ‘एनॉर्मस’मध्यें तीन. गद्य लिहिणारा आळसानें दर वेळीं ‘बिग’च लिहील, पद्य रचणाऱ्यास मात्र तिघांचेंही दार ठोठवावें लागेल, आणि तसें करतांना तिघांच्या अर्थांतील सूक्ष्म भेदही त्यास कळेल. म्हणून फ्रँकलिन ‘स्पेक्टेटर’मधील गोष्टी पद्यांत उतरवूं लागला, आणि मूळ गद्य विसरल्यावर तें पद्य पुन्हां गद्यांत आणूं लागला. कधीं तो आपलीं टिपणें मुद्दाम विस्कटून ठेवी व कांहीं आठवड्यांनीं तीं योग्य क्रमानें लावी. ह्यामुळें विचारांची मांडणी सुधारली. क्वचित् एखाद्या बारीक गोष्टींत आपण मूळ लेखकासही मागें टाकलें असें वाटून त्याला आनंद होई.

ह्या अभ्यासास वेळ तो कोठून आणी? पहाटे काम सुरू होण्यापूर्वीं, रात्रीं काम संपल्यावर, आणि रविवारीं. रविवारची उपासना चुकवून तो छापखान्यांत एकटा बसे, ही त्याची रीति आम्हांस पसंत नाहीं, आणि ह्या बाबतींत आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याचें अनुकरण करूं नये. त्याचा स्वार्थत्याग मात्र खरोखर अनुकरणीय आहे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यानें मांसाहार सोडला, आणि आपल्या जेवणाच्या खर्चाची निम्मी रक्कम आपल्याच हातीं द्यावी, अशी भावास विनंति केली. त्या निम्म्यांतलेंही निम्में वांचवून तो पुस्तकें घेई. इतर कामकरी जेवावयास गेले म्हणजे हा पावाचा तुकडा, मूठभर मनुका व पेलाभर पाणी एवढ्यावर भागवून उरलेला वेळ वाचनांत घालवी. शाळेंत ज्या गणितानें त्यास हार खावयास लाविली, तेंही त्यानें ह्याच काळांत पुस्तकावरून आपलें आपण शिकून घेतलें.

श्रमाचें फळ लौकरच दिसलें. जेम्स १७२१ सालापासून एक वर्तमानपत्र चालवीत होता. धाकट्या भावाचा लेख तो छापणार नाहीं हें जाणून फ्रँकलिननें १७२२ सालीं अक्षर बदलून, एका विधवा बाईच्या कल्पित नांवानें लेख लिहिला, आणि रात्रीं छापखान्याच्या दाराखालून आंत सरकविला. सकाळीं जेम्सचे विद्वान् मित्र जमले, त्यांनीं तो वाचून वाखाणला, आणि लेखक कोण असावा ह्याचा तर्क करतांना गांवांतील नामांकित पंडितांचींच नांवें घेतलीं. सोळा वर्षांचा उमेदवार जवळच उभा राहून हें सर्व ऐकत होता. असे चौदा लेख त्या वर्षीं प्रसिद्ध झाले.

पुढें भावाशीं न पटल्यामुळें १७२३ सालीं करार मोडून तो फिलाडेल्फियास पळून गेला. तें कृत्य गैर होतें असें त्यानें पुढें स्वतःच मान्य केलें आहे. तेथें तो मोठा मुद्रक झाला, १७३१ सालीं त्यानें वर्गणीदारांचें ग्रंथालय काढलें, आणि १७३२ सालापासून काढलेल्या त्याच्या पंचांगांतील चुटकेदार म्हणी घरोघरीं गेल्या. विद्यार्थ्याचा बाणा मात्र त्यानें सोडला नाहीं. १७३३ सालीं तो फ्रेंच व मग इटालियन शिकूं लागला. इटालियन शिकणारा एक मित्र त्यास बुद्धिबळें खेळावयास वारंवार बोलावी व त्यांत वेळ जाई. तेव्हां त्यानें अशी अट घातली कीं, जो जिंकेल त्यानें हरणारास इटालियन व्याकरणाचा कांहीं भाग पाठ करण्याचें किंवा भाषांतराचें काम लावावें, आणि तें पुढच्या भेटीपूर्वीं पुरें झालें पाहिजे. दोघेही खेळण्यांत तुल्यबळ असल्यामुळें दोघांचीही भाषा तयार झाली! त्यानंतर एकदां लॅटिन नवा करार सहज चाळतां, लहानपणीं अर्धवट सुटलेली ती भाषा आपणांस बरीच समजते, असें पाहून तो चकित झाला.

बोलण्यांतील शब्दांकडेही त्याचें तितकेंच लक्ष असे. तरुणपणीं तो वादांत हटानें बोले. पुढें खात्रीनें, निःसंशय असे आग्रही शब्द त्यानें आपल्या बोलण्यांतून काढून टाकले, आणि मला असें वाटतें, माझी समजूत चुकली नसेल तर, अशी नम्र भाषा तो वापरूं लागला. त्यामुळें लोक त्याचें म्हणणें अधिक आदरानें ऐकूं लागले. विजेवरील त्याचे प्रयोग व १७५२ सालचा त्याचा पतंग सर्वांस ठाऊक आहेच. त्या शास्त्रास नवे शब्दही त्यानें दिले. ‘बॅटरी’ हा शब्द पूर्वीं तोफांच्या रांगेस लावीत. विजेच्या उपकरणांच्या जुळणीस तो फ्रँकलिननें १७४९ सालीं लावला. १७७६ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या पांच जणांच्या समितींत तो होता. १७८३ सालच्या इंग्लंडशीं झालेल्या तहावर त्याची सही आहे. आणि १७८७ सालीं राज्यघटना ठरविणाऱ्या सभेंत तो एक्याऐंशी वर्षांचा वृद्ध होऊन बसला होता. १७ एप्रिल १७९० रोजीं तो मरण पावला. त्याच्या अभ्यासाची वर लिहिलेली हकीकत, १७७१ सालीं लिहावयास घेतलेल्या व अपुऱ्या राहिलेल्या त्याच्या आत्मचरित्रामुळें जगास कळली.

आतां आमच्या विद्यार्थ्यांनीं काय करावें? इंग्रजी पद्य रचणें सर्वांस साधणार नाहीं. परंतु फ्रँकलिनजवळ नव्हतें असें एक साधन आपणांजवळ आहे, तें म्हणजे आपली मराठी. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा शिक्षक रॉजर ॲस्कम ह्याचा अध्यापनावरील ग्रंथ १५७० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें लॅटिन उताऱ्याचें इंग्रजी करावें, कांहीं वेळानें त्याचें पुन्हां लॅटिन करावें व मग मुळाशीं ताडावें, अशी रीति सांगितली आहे. तीच आपण चालवावी. पाठ्यपुस्तकांतील दहा ओळी घेऊन त्यांचें चांगलें मराठी करा. पुस्तक मिटून चार दिवस जाऊं द्या. मग त्या मराठीचें पुन्हां इंग्रजी करा व मूळ उतारा शेजारीं ठेवा. जो शब्द तुम्हीं चाचपडून शोधला व तुम्हांस सांपडला नाहीं, तेवढाच वहींत टिपा, आणि त्या आठवड्यांत तो तीन निराळ्या वाक्यांत वापरा. अशा रीतीनें आठवड्यास पांचच शब्द मिळाले तरी ते जन्माचे सोबती होतील.

शुभवर्तमानांतील दाखल्यांत ज्या दासानें धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेवलें, त्याच्या द्रव्यांत घट झाली नाहीं. तरी तो दोषी ठरला, कारण त्यानें तें कामास लाविलें नाहीं. पाठ करून ठेवलेल्या शब्दांची गति अशीच आहे. शब्द ही ईश्वरानें मनुष्यासच दिलेली देणगी आहे. ती व्यवहारांत घातल्यानेंच वाढते. दहाव्या वर्षीं शाळेस मुकलेल्या एका मुलानें तिचें काय केलें, हें आपण पाहिलें. ज्यांस शाळा आहे, शिक्षक आहेत, ग्रंथालय आहे, त्यांनीं ह्याच आठवड्यांत दहा ओळींपासून आरंभ करावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.