मोलचे मानकरी

दिवाळीच्या आगेमागे, २३ ऑक्टोबरला, इथल्या अनेक शाळांत ‘मोल डे’ साजरा होतो. मुलं रसायनशास्त्राच्या वर्गात केक, कुकीज घेऊन जातात. आपल्या वेळी असलं काही नव्हतं. होती ती फक्त गणितं! एक मोल म्हणजे ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. ही संख्या ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या ॲव्होगाड्रोंना मात्र ती कधी कळलीच नाही.

आमेदेओ ॲव्होगाड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीतल्या तुरीन शहरात झाला. घराणं वकिलांचं. तेही विसाव्या वर्षी चर्चच्या कायद्याची डॉक्टरेट घेऊन वकील झाले. पण मन रमलं ते गणित आणि भौतिकशास्त्रात. १८०९ मध्ये ते व्हेर्चेल्लीला चक्क शिक्षक झाले.

त्याआधी वर्षभर गे-ल्युसॅक यांनी दाखवलं होतं, की दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांपासून दोन माप वाफ होते. ऑक्सिजन एक मापच असताना वाफ दोन मापं कशी? १८११ मध्ये ॲव्होगाड्रोंनी उत्तर दिलं. तापमान आणि दाब सारखा असेल, तर कोणत्याही वायूच्या सारख्या मापात रेणूंची संख्या सारखीच असते. आणि ऑक्सिजनच्या रेणूचे दोन भाग होऊ शकतात. पण एकाच जातीचे दोन अणू जोडीने राहतात, हे डाल्टनसारख्या दिग्गजांना पटेना. लेख बाजूला पडला.

१८२० मध्ये ते तुरीन विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी तिथे बंड झालं आणि थोड्याच काळात त्यांचं पदच रद्द झालं. ते परत मिळायला १८३४ साल उजाडलं. ९ जुलै १८५६ रोजी ते गेले, तेव्हाही अणुभारांचा गोंधळ तसाच होता.

चार वर्षांनी कार्ल्सरूहच्या परिषदेत त्यांच्याच देशाच्या कॅनिझारोंनी तो जुना विचार पुन्हा मांडला. श्रोत्यांत तरुण मेंडेलीव्ह होते. हळूहळू अणुभार जुळू लागले. १९०९ मध्ये पेरँ यांनी त्या संख्येला ॲव्होगाड्रोंचं नाव दिलं आणि २०१९ मध्ये मोलची व्याख्या त्याच संख्येवर पक्की झाली.

आज आपली मुलं सहज लिहितात: एक मोल, म्हणजे ४६ ग्रॅम, इथेनॉलचं ऑक्सिडीकरण करायला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्यातून ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि १८ ग्रॅम पाणी मिळतं. दोन्हीकडे बेरीज ७८! पाण्याचे हे १८ ग्रॅम ठरायला एका माणसाचं अख्खं आयुष्य अपुरं पडलं. यंदा मुलांच्या केकवर मोलच्या आकड्याशेजारी ॲव्होगाड्रोंचं नावही घालायला सांगू या.