एका बोटाची शस्त्रक्रिया

दोन बरगड्यांमधल्या लहानशा छेदातून हृदयापर्यंत पोचायचे आणि एकाच वेळी दोन-दोन झडपा दुरुस्त करायच्या, हे आज शल्यविशारदांना साधले आहे. पण झडपेला हात घालणेच जेव्हा अविचार समजला जाई, तेव्हा सर हेन्री सूटर यांनी तिथे चक्क आपले बोट घातले होते.

सूटर यांचा जन्म १८७५ चा, इंग्लंडमधला. ऑक्सफर्डला गणित आणि अभियांत्रिकी शिकून ते वैद्यकाकडे वळले. पण मूळचा कारागिराचा पिंड सुटला नाही. आपली हत्यारे ते स्वतः घडवीत.

६ मे १९२५ रोजी लंडन हॉस्पिटलमध्ये त्यांच्यापुढे एक किशोरवयीन मुलगी होती. संधिज्वराने तिची मायट्रल झडप आकसली होती. (हा आजार आपल्यालाही अपरिचित नाही. लहानपणी घसा दुखण्याचे निमित्त होते आणि काही वर्षांनी मूल जिना चढताना धापा टाकू लागते.) सूटर यांनी छाती उघडली. डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी असते. तिला छेद देऊन त्यांनी तर्जनी आत सरकवली. हृदय धडधडतच होते; ते थांबवून त्याचे काम करणारे यंत्र तेव्हा नव्हतेच. झडप पात्याने कापायचा बेत होता. पण बोटाला वेगळेच जाणवले : झडप वाटली होती तितकी चिंचोळी नव्हती, उलट रक्त मागे गळत होते. कापली असती तर गळती वाढली असती. त्यांनी पाते वापरलेच नाही, बोटानेच वाट रुंद केली. बोट काढताना टाका निसटून रक्त उसळले, तेही त्यांनी आवरले. मुलगी वाचली आणि पुढे काही वर्षे जगली.

आता सूटर यांच्या दारी रुग्णांची रीघ लागायला हवी होती. पण दुसरा रुग्ण आलाच नाही! हृदयरोगी होते फिजिशियनांच्या ताब्यात, आणि दोष झडपेचा नसून हृदयाच्या स्नायूचा आहे, असे त्या मंडळींचे ठाम मत होते. दरम्यानच्या काळात किती तरुण जीव गुदमरून गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवला?

१९४८ मध्ये फिलाडेल्फियात बेली, बोस्टनमध्ये हार्केन आणि लंडनमध्ये ब्रॉक यांनी तीच वाट पुन्हा धरली. पुढे कित्येक वर्षे आपल्याकडच्या इस्पितळांतही बोटाने झडपा मोकळ्या झाल्या.

सूटर तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. १९४९ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला, १९६४ मध्ये ते वारले. हृदयाच्या झडपेवर त्यांनी केलेली शस्त्रक्रिया तेवढी एकच.