लंगडत चालणारा मुलगा ते जगप्रसिद्ध लेखक : सर वॉल्टर स्कॉट



'आयव्हॅन्हो' या कादंबरीचे लेखक सर वॉल्टर स्कॉट आयुष्यभर उजव्या पायाने लंगडत चालले. त्यांचे बालपण आपण जरूर वाचावे असे आहे.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडील वकील होते. आईचे वडील, डॉ. जॉन रदरफर्ड, वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. वॉल्टर दीड वर्षाचा असताना एका रात्री झोपायलाच तयार नव्हता, खोलीभर पळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ताप आला. चौथ्या दिवशी आंघोळ घालताना घरच्यांच्या लक्षात आलं की उजव्या पायात जोरच नाही.

डॉक्टरांनी पाय तपासला. सांधा निखळलेला नव्हता, पाय मुरगळलेलाही नव्हता. मग कारण काय? तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. आज तो पोलिओ होता असे मानले जाते.

आजोबा रदरफर्ड यांनी सल्ला दिला की मुलाला मोकळ्या हवेत ठेवा. म्हणून त्याला वडिलांच्या आईवडिलांकडे, सँडीनो येथील शेतावर पाठवले. तिथे कोणीतरी सुचवलं म्हणून त्याला मेंढीच्या ताज्या कातड्यात गुंडाळून ठेवत. त्याने रांगावे म्हणून एक वयस्कर नातेवाईक त्याच्यासमोर जमिनीवरून घड्याळ ओढत नेत. चांगल्या हवेच्या दिवशी तो मेंढपाळासोबत गवतात पडून राही. पडून राहायचा कंटाळा आला आणि तो धडपडत उभा राहू लागला, मग चालू लागला, पळूही लागला! जेनेट आत्या त्याला जुने पोवाड्यासारखे काव्य वाचून दाखवायची. ते त्याला तोंडपाठ झाले.

पुढे बाथ येथील गरम झऱ्यांचा उपचार झाला. पाय काही बरा झाला नाही. पण १७७९ मध्ये तो एडिंबरोच्या हायस्कूलमध्ये दाखल झाला. तरुणपणी तो एका दिवसात तीस किलोमीटरहून जास्त चालत असे. १७९७ मध्ये तो स्वयंसेवक घोडदळातही गेला. लहानपणी ऐकलेल्या काव्याच्या ओढीने त्याने सीमाभागातील लोकगीते जमवली, ती १८०२ मध्ये छापली. १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' ही कादंबरी आली. २१ सप्टेंबर १८३२ रोजी स्कॉट यांचे निधन झाले.

आपण यातून काय घ्यायचं?

मूल लंगडताना दिसलं की 'नाटक करतोय' म्हणू नका. आधी विचारा : कधीपासून? पडला होता का? ताप आहे का? दुखतं कुठे? बूट, चप्पल, तळपाय बघा, काटा असू शकतो. मूल गुडघा दाखवत असले तरी दुखणे कमरेच्या सांध्याचे असू शकते, हे लक्षात ठेवा. लंगडण्यासोबत ताप असेल, मूल पाय टेकवतच नसेल किंवा पायातला जोर गेला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि पोलिओचे डोस चुकवू नका. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला तो या डोसांमुळेच.

काही मुलांचे लंगडणे उपचारानंतरही राहते. अशा मुलाला 'लंगड्या' म्हणून हाक मारू देऊ नका. खेळाच्या तासाला त्याला वर्गात एकटे बसवू नका. सँडीनोच्या लोकांना औषध माहीत नव्हते, पण त्यांनी वॉल्टरला घरात कोंडून ठेवले नाही. एवढे तर आपण नक्कीच करू शकतो.