जुन्या तारांचा खर्ज : जेम्स जेमर्सन

बास गिटारच्या तारा किती दिवस टिकतात? पुष्कळ वादक त्या काही महिन्यांतच बदलतात, कारण घाम व मळ बसून नव्या तारेचा टणत्कार हरपतो. जेम्स जेमर्सन मात्र तुटल्याखेरीज तार बदलीत नसत. म्हणूनच मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

अमेरिकेत साउथ कॅरोलिनामधील एडिस्टो बेटावर १९३६ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९५४ मध्ये ते डेट्रॉइटला आले, शाळेत उभा बास शिकले आणि १९५९ पासून मोटाऊन कंपनीच्या स्टुडिओत वाजवू लागले. पुढे १९६२ सालची फेंडर प्रिसिजन गिटार त्यांच्या हाती आली. तिच्या जाड तारांवर चपट्या पट्टीचे वेष्टन असे. केवळ तर्जनीने ते त्या छेडीत. जुनावलेल्या तारांतून उभ्या बाससारखा मऊ, घुमणारा खर्ज निघे. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, स्टीव्ही वंडर यांची कितीतरी गाणी त्या खर्जावर उभी आहेत.

परंतु या कंपनीच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या तबकडीवर जेमर्सन यांचे नाव झळकले. १९८३ साली ती गिटार चोरीस गेली आणि त्याच सुमारास, २ ऑगस्टला, लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान लाभला तो २००० साली, मरणोत्तर!

तार किती टिकते, हे कोणताही दुकानदार सांगेल. पण जिच्यात ज्याचा घाम मुरला, त्याचे नाव छापायला बारा वर्षे का लागावीत? मला तरी हाच प्रश्न मोठा वाटतो.