दूध आटवण्यात नवे काय?

बासुंदी करताना आपल्या घरी दूध आटवतात. खवाही दूध आटवूनच होतो. मग त्यात नवे ते काय, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेच्या पेटंट कचेरीलाही तसेच वाटले आणि गेल बोर्डेन यांना तिथे तीन वर्षे खेटे घालावे लागले.

बोर्डेन यांचा जन्म १८०१ साली न्यूयॉर्क राज्यातील नॉर्विच या गावी झाला. शाळेत ते फार थोडे दिवस गेले. पुढे टेक्सासमध्ये त्यांनी जमिनीची मोजणी केली, वर्तमानपत्र चालवले. मांसाचा अर्क पिठात मिसळून त्यांनी टिकाऊ बिस्किट केले. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले; पण लोकांना त्याची चव रुचली नाही आणि बोर्डेन कर्जात बुडाले.

लंडनहून परतताना जहाजावरच्या गाई आजारी पडल्या आणि तान्ही मुले दगावली, असे सांगतात. दूध टिकवण्याचा ध्यास त्यांनी तेव्हापासून घेतला.

उघड्या कढईत आटवलेले दूध करपे. शेकर पंथाचे लोक बंद भांड्यातील हवा काढून त्यात फळांचा रस आटवीत. हवा काढली की पातळ पदार्थ कमी उष्णतेवर उकळतो. बोर्डेन यांनी हीच रीत दुधाला लावली. दूध न करपता आटले आणि टिकलेही.

१८५३ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारने ठरावीक वर्षांसाठी दिलेला हक्क. त्या मुदतीत त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला तो शोध वापरता येत नाही. मात्र शोध नवा हवा. अधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला. हवा काढलेले भांडे जुने, दूध आटवणेही जुने. त्या भांड्यात दूध आटवण्याची कल्पना युरोपात आधीच निघाली होती. खरे सांगायचे तर त्यांची शंका रास्त होती. दोन जुन्या गोष्टी एकत्र आणल्या की नवा शोध होतोच असे नाही.

बोर्डेन यांचे म्हणणे निराळे होते. नुसते पाणी कमी करणे हा त्यांचा शोध नव्हता. ताज्या दुधाला आटवताना हवा लागू द्यायची नाही, मग साखर न घालताही ते टिकते, हा त्यांचा दावा होता. हवा काढणे खरोखरच गरजेचे आहे, हे त्यांना सिद्ध करावे लागले. 'सायंटिफिक अमेरिकन'चे संपादक रॉबर्ट मॅकफार्लेन आणि जॉन करी यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. अखेर १९ ऑगस्ट १८५६ रोजी पेटंट मिळाले.

तरी हातात पैसा नव्हता. पहिला कारखाना बंद पडला. मग आगगाडीत जेरेमाया मिलबँक या धनिकाशी ओळख झाली, त्यांनी भांडवल घातले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि सैन्यासाठी डब्यांतल्या दुधाची मागणी एकदम वाढली.

बोर्डेन १८७४ साली वारले. दूध जंतूंमुळे नासते, हे पाश्चर यांनी दाखवून दिले होते. बोर्डेन यांचे दूध टिकले ते केवळ हवा काढल्यामुळे नव्हे, तर उष्णता आणि स्वच्छता यांमुळेही. जंतूंचा विचार त्यांच्या मनात नव्हता. पण त्यांच्या कारखान्याला दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला गाईची कास धुतल्याशिवाय धार काढण्याची मुभा नव्हती.