राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : खंजिरी आणि कारागृह

अमरावती जिल्ह्यातील यावली ह्या खेड्यात, ३० एप्रिल १९०९ रोजी, एका गरीब कुटुंबात माणिक नावाचा मुलगा जन्मास आला. शाळेचे शिक्षण थोडकेच झाले; भजनाचा नाद मात्र बालपणीच जडला. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यास तुकड्या हे नाव दिले व पुढे तेच लोकांच्या तोंडी बसले. कोवळ्या वयातच घर सोडून तो रामटेक, सालबर्डी, रामदिघी व गोंदोडा येथील अरण्यांत राहिला. ह्यांपैकी गोंदोडा चिमूरच्या बाजूस असल्याने आपल्या वनप्रदेशाशी महाराजांचा ऋणानुबंध फार जुना होय.

महाराजांचे व्यासपीठ म्हणजे त्यांची खंजिरी. निरक्षर शेतकऱ्यास वर्तमानपत्राचा काय उपयोग? भजन मात्र त्यास समजे व पाठही होई. अस्पृश्यता, व्यसने, अंधश्रद्धा व पारतंत्र्य ह्या सर्वांवर ती खंजिरी सारखीच आघात करी. १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन झाला. १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून महाराज त्यांच्या आश्रमात जाऊन राहिले.

१९४२ चा ऑगस्ट उजाडला. १६ तारखेस, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर येथे मिरवणुकीवर गोळीबार झाला; बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा बळी पडला. खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकारी व पोलीस ह्यांचे प्राण घेतले. मागाहून आलेल्या फौजेने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अनन्वित अत्याचार केले. महाराजांची भजने तेथील तरुणांच्या मुखी होती. २८ ऑगस्ट रोजी, त्या काळी चांदा म्हणविणाऱ्या चंद्रपुरात, त्यांस अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. डिसेंबरात त्यांची सुटका झाली.

गायकाप्रमाणेच बातमीचेही तोंड बांधले गेले. चिमूरची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी ह्यांनी ६३ दिवस उपोषण केले. सरकारने त्याची वार्ता छापण्यास मनाई केली. निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपले अंक बंद ठेवले. १२ जानेवारीस उपोषण सुटले व ती बंदीही उठली.

येथे विचारी वाचकास एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. भजन ऐकणाऱ्याने हत्या केली, तर गाणारा दोषी काय? चिमुरास जे अधिकारी मारले गेले, त्यांसही घरदार होते. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. प्रत्यक्ष हत्येस जो चिथावणी देईल, त्याने जाब दिलाच पाहिजे. परंतु तो जाब उघड्या न्यायासनासमोर मागावयास हवा. युद्धकाळच्या नियमांनी खटल्यावाचून कोणासही डांबून ठेवण्याची मुभा सरकारास होती. आणि अशा बंदिवासात दोष सिद्ध होत नाही, निर्दोषत्वही सिद्ध होत नाही, केवळ आवाज बंद होतो.

१९५० मध्ये अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले व त्यास वाजवी मर्यादाही घातल्या. तथापि २२ व्या अनुच्छेदाने प्रतिबंधक स्थानबद्धतेस वाव ठेवला आहे. तेव्हा हा वाद जुना असला तरी मिटलेला नाही.

महाराजांची वाणी तुरुंगाने खुंटली नाही. ग्रामोद्धाराचे विचार त्यांनी पुढे ग्रामगीतेत ग्रथित केले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांनी देह ठेवला. ज्या वाणीस राज्यकर्त्यांनी भिंतीआड ठेवले, ती आज विदर्भातील खेड्याखेड्यांतून सायंप्रार्थनेच्या वेळी मोकळेपणी कानी पडते.